एका पोरामागे एक माणूस: डोळखांब परिसराला तातडीचं आवाहन

भातकापणी उरकत आली. झोडणी होऊन दाणा घरात पडला, दिवाळी झाली, की डोळखांब, डेहणे, गुंडे, चोंढे, साकुर्लीच्या पाड्यांवरची कितीतरी घरं बंद होतील. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला माणसं वीटभट्ट्यांवर जातील आणि त्यांच्याबरोबर मुलंही जातील. जी मुलं गावात राहतील, त्यांच्यातल्या दहावी-बारावीवाल्यांची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. हातात जेमतेम तीन-साडेतीन महिने आहेत. भट्टीवर गेलेलं पोर मार्चमध्ये वर्गात आणून बसवता येत नाही. जानेवारीत धीर सोडलेल्या मुलीला जूनमध्ये समजावून काही होत नाही. म्हणून हे आज सांगायचं आहे.

मागणं एकच आहे. आपल्या परिसरातल्या प्रत्येक शिकलेल्या, कमावत्या किंवा निवृत्त माणसाने एका मुलाची नाहीतर मुलीची जबाबदारी घ्यावी. पैशाची जबाबदारी नको आहे. आठवड्यातून एकदा त्या घरी जायचं, वही बघायची, कुठे अडलं ते विचारायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. परीक्षा संपेपर्यंत, आणि निकालानंतर पुढचा प्रवेश होईपर्यंत.

आपल्याकडची पोरं कष्टाला कमी आहेत असं कुणी म्हणू नये. आषाढात आवण खणणं, मग गुडघाभर चिखलात लावणी, गुरांमागे रान, पाड्यावरून शाळेपर्यंतची चाल, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं विकणं, हे सगळं शाळेची वर्षं चालू असतानाच ती करतात. भातसा, तानसा आणि वैतरणेचं पाणी मुंबईला पुरवणाऱ्या आपल्या शहापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते, आणि हंडे वाहतात त्या बहुतेक मुलीच. एवढी मेहनत करणाऱ्या पोराला मेहनत शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. नसतं ते त्या मेहनतीला अभ्यासाची वाट दाखवणारं माणूस. आई-वडील शाळेत गेलेले नसतील तर ते पोराचं गणित कसं बघणार? त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. पण त्या घरात संध्याकाळी ‘आज काय शिकलास’ हे विचारणारं कुणी नसतं, आणि तो प्रश्न वर्षानुवर्षं कुणीच विचारला नाही की आपलं शिकणं कुणाला हवंच नाही, अशी त्या पोराची खात्री होते.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली, २०१४पासून पालघरमध्ये मोडणारी एक हकिकत इथे सांगायलाच हवी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे १९३४ साली जन्मले. लहानपणी आई गेली आणि मुलगा बोलेनासा झाला. काही सांगायचं झालं की मातीत बोटाने चित्र काढायचा. वारली घरांत भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणं हे सवाशिणींचं काम. पुरुषाने, तेही घरात लग्नकार्य नसताना, रोज चित्रं काढत बसावं अशी रीत नव्हती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी त्या भागात फिरत होते. त्यांनी मशे यांना कागद दिला, रंग दिला, चित्रं बाहेरच्या जगापुढे नेली. पुढे १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडलेली चित्रं, २०११ची पद्मश्री. २०१८ साली मशे गेले, तोपर्यंत वारली चित्रकला जगभर पोचली होती.

या हकिकतीत नीट बघण्यासारखी गोष्ट ही की कुलकर्णींनी मशे यांना चित्र काढायला शिकवलं नाही. ते त्यांना येतच होतं, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं रेघ न् रेघ त्यांनी स्वतःच्याच हाताने ओढली. कुलकर्णींनी केलं ते एवढंच, की ते स्वतःहून पाड्यावर आले आणि जे होत होतं त्याची किंमत ओळखली. दोघांपैकी एकजण नसता तर हे घडलं नसतं. प्रोत्साहन आणि स्वतःचे कष्ट यांत मोठं काय, असा वाद मला निरर्थक वाटतो. आमच्या पाड्यांवर त्यातली एक बाजू भरपूर आहे, दुसरी नाही.

स्वतःहून जाणं ही या भागाची जुनी रीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मग कोसबाडच्या टेकडीवर. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरच्या झोपड्यांजवळ भोंगा शाळा चालवल्या त्याही याच विचाराने. आणि लांब कशाला, आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने, आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीकडे झुकलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसल्या. शेतातलं आणि घरातलं काम आटोपून अक्षरं गिरवली आणि अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या. आयुष्यभर ज्यांना कुणी ‘तू शिक’ म्हटलं नव्हतं, त्यांना सत्तराव्या वर्षी एका माणसाने म्हटलं आणि त्या शिकल्या. मग आपल्या सोळा वर्षांच्या पोरीला ते म्हणायला आपण कशाची वाट बघतो आहोत?

आता एक कडू गोष्ट. आपल्याकडे गुणगौरव समारंभ पुष्कळ होतात. मंडप, शाल, ट्रॉफी, फलकावर फोटो. नव्वद टक्केवाल्यांचं कौतुक जरूर व्हावं. पण दररोज डोंगर उतरून शाळेत आलेली, रॉकेलच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात अभ्यास करून बेचाळीस टक्क्यांनी पास झालेली मुलगी त्या मंचावर मला क्वचितच दिसते. आणि निकालानंतरची शाल ही उशिराच आलेली असते. कौतुकाची गरज आज आहे, पहिल्या चाचणीत गणितात सात मार्क पडलेत तेव्हा.

कौतुक कसं करावं यालाही अर्थ आहे. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. सगळीच अडखळली. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. कारण समजण्यासारखं आहे. हुशार म्हटलेलं पोर चुकलं की त्याला वाटतं आपली हुशारी खोटी ठरली. मेहनती म्हटलेल्या पोराला वाटतं अजून थोडी मेहनत कमी पडली. म्हणून पोराच्या घरी जाल तेव्हा ‘हुशार आहेस रे’ म्हणून पाठ थोपटून परतू नका. वही उघडा. गेल्या आठवड्यात न सुटलेलं उदाहरण आज सुटलं असेल तर नेमकं तेच बोटाने दाखवून बोला. आणि ‘आपल्याला काय जमणार’, ‘शिकून कुणाचं भलं झालंय’, ‘पोरीला एवढं कशाला’ ही वाक्यं या तीन महिन्यांत पोरांच्या कानावर पडू देऊ नका. ती थट्टेत म्हटली तरी पोरं ती मनाला लावून घेतात.

हे कुणी करायचं? निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी पहिल्यांदा, त्यांचा तर यात हातखंडा आहे. आसनगावहून लोकल धरून कल्याण-मुंबईला कामाला जाणाऱ्यांचा रविवार मोकळा असतो, त्यांनी. कॉलेजला असलेल्या ताई-दादांनी, कारण दोन वर्षांपूर्वी तीच परीक्षा दिलेलं माणूस पोरांना जवळचं वाटतं. दुकानदार, अंगणवाडी सेविका, आशाताई, एसटीतले कर्मचारी, बचत गटाच्या बायका, सगळ्यांनी. विषय शिकवता यायलाच हवा असं नाही. ‘काल किती वाजता बसलास? उद्या कुठला धडा?’ एवढं विचारायला शिक्षण लागत नाही, नियमितपणा लागतो. दोनदा जाऊन तिसऱ्यांदा न येणारं माणूस पोराचं जास्त नुकसान करतं, तेव्हा जमणार असेल तरच हात पुढे करा, आणि केला की मागे घेऊ नका. मुलीच्या घरी जाताना शक्यतो बाईमाणसाने जावं आणि आईशी आधी बोलावं.

भट्टीवर जाणाऱ्या घरांशी या आठवड्यातच बोलणं व्हायला हवं. आजी-आजोबा किंवा काका-काकू गावात राहणार असतील तर पोर त्यांच्याकडे राहू शकतं. त्याच्या जेवणाला शेजाऱ्यांनी हातभार लावावा, हे आपल्या पाड्यांना नवं नाही. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हे शाळा व्यवस्थापन समितीने मुख्याध्यापकांना घेऊन आत्ताच विचारावं. आणि कुटुंबाला पोर न्यावंच लागलं तर तिथल्या शाळेत दाखवायला आपल्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जाऊ द्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित मुलांना जिथे जातील तिथल्या शाळेत प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. भट्टीजवळच्या शाळेचं नाव काढून मुकादमाच्या फोनवर कळवणं, हेही एक काम आहे आणि ते गावात बसून होतं.

आणि मुलांनो, मुलींनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. कुणी आलं नाही तर तुम्ही जा. गावातल्या शिकलेल्या ताईच्या दारात उभं राहून ‘मला हे समजत नाही’ म्हणायला लाजू नका. विचारलं की बहुतेक माणसं नाही म्हणत नाहीत. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत अशीच आदिवासी पाड्यावरून पळत नाशिकला पोचली. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिच्यातली धाव ओळखली, आणि २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक आणलं. ओळखणारा भेटला तरी पंचवीस फेऱ्या तिलाच पळाव्या लागल्या. तुमचा पेपरही तुम्हालाच लिहायचा आहे. नापास झालात तरी निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येतं. ही दारं बंद नाहीत.

जबाबदारी घेणाऱ्यांना शेवटचं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, हे निकालानंतर करू म्हणू नका. जूनमध्ये शहापूरच्या तहसील कार्यालयात गर्दी असते, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन असतो, आयटीआयच्या तारखा निघून जातात, आणि पाडा ते शहापूर दोन हेलपाट्यांचं एसटी भाडं आणि बुडालेली मजुरी एवढ्यावरूनही पोराचं शिक्षण थांबतं. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि मुलींची फीमाफी यांना हेच कागद लागतात. तेव्हा पहिल्या भेटीत वहीबरोबर कागदांची पिशवीही काढायला सांगा. काय नाही ते लिहून घ्या आणि पोर एकटं जायला बिचकत असेल तर सुट्टी टाकून त्याच्याबरोबर तहसीलला जा. या रविवारी सुरुवात करा.