विटेला रंग द्यावा का?

मुलीचा निकाह जानेवारीत ठरला आणि घरात पहिली चर्चा निघाली ती घराच्या रंगाची. "भाभी, बरात दारात येणार आणि आपल्या भिंती अजून उघड्या विटांच्या! चारी बाजूंनी प्लास्टिकचा रंग मारून टाकू," धाकटे दीर म्हणाले. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. त्यांनी मागच्या खोलीकडे फक्त बोट दाखवले.

आमचे गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याकडे. गड पूर्वेला आणि पावसाची झड पश्चिमेकडून. जून ते सप्टेंबर मागची भिंत झोडपून निघते, पुढची त्या मानाने कोरडी राहते. मागची भिंत ओल धरते म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही तिला बाहेरून जाड, चकचकीत रंग दिला. दुसऱ्याच पावसाळ्यात रंगाला फोड आले, मग पोपडे निघाले आणि पोपड्यांबरोबर विटेचाही भुगा पडू लागला. आत अम्मींच्या पलंगामागे बुरशी धरली. त्यांना दमा आहे. त्या पावसाळ्यात कित्येक रात्री त्यांनी बसून काढल्या.

असे का झाले? भाजलेली वीट पाणी पिते आणि ऊन पडले की वाफेच्या रूपाने ते बाहेर सोडते. रंगाचा जाड पापुद्रा ही वाटच बंद करतो. पाणी मात्र दरजांतून, छपराच्या वळचणीतून, जोत्याखालून आत शिरतच राहते. ते रंगामागे अडकते. त्यातले क्षार तिथेच साठून फुगतात आणि रंगाला व विटेला ढकलून बाहेर काढतात. म्हणजे दोष विटेचा नव्हता, आमच्या उपायाचा होता.

या वेळी मी आधी वीट तपासली. न्हाणीमागे पडलेली एक जुनी वीट चार दिवस उन्हात वाळवून वाण्याच्या काट्यावर ठेवली. भरली 2 किलो 600 ग्रॅम. मग 24 तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलली तर 3 किलो 150 ग्रॅम! भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेने आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. आमची वीट 21 टक्क्यांवर गेली. आपल्याकडच्या भट्टीची मऊ वीट अशीच असते. तिला मोकळा श्वास आणि डोक्यावर आडोसा लागतो.

केरळमध्ये पाऊस आपल्याहून कमी नाही. तरी तिरुअनंतपुरममध्ये लॉरी बेकर (1917–2007) या वास्तुकाराने गिलावा न केलेल्या, उघड्या विटांची कितीतरी घरे बांधली. छपराची वळचण पुढे काढून त्यांनी भिंत वाचवली आणि गिलाव्याचा खर्चही वाचवला.

गवंड्याला बसवून आम्ही असे ठरवले. पुढच्या भिंतीला रंग नाही. ती पाण्याने व साध्या ब्रशने घासायची, भुसभुशीत दरजा खरवडून नव्याने भरायच्या. मसाला विटेहून कडक नको, म्हणून सिमेंट कमी आणि जोडीला चुना. रंग फक्त दारे, खिडक्या आणि ओट्याच्या खांबांना. मागच्या भिंतीचे सुटे पोपडे काढायचे, छपराचे पत्रे दीड फूट पुढे घ्यायचे, पन्हळ बसवायची. मग ती उन्हाळ्यापर्यंत तशीच वाळू द्यायची. मार्चमध्ये हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवू. आतून दव धरले नाही, तरच चुन्याची सफेदी. चुना दरवर्षी द्यावा लागतो, पण तो स्वस्त असतो आणि ओल कोंडत नाही. अम्मींचा पलंग आजच पुढच्या खोलीत आणला.

दीर जरा नाराज झाले. "पाहुणे काय म्हणतील?" त्यावर अम्मी म्हणाल्या, "तुझ्या अब्बांनी या विटा बैलगाडीतून आणल्या, तेव्हा गावात चारच घरे विटांची होती. पाहुण्यांना तेवढे सांग."

मला आणखी एक आठवते. दिवाळी सरली की माझ्या वर्गातली दोन-तीन मुले आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत जाते. त्या घरांनी थापलेली वीट आपण निष्काळजीपणे कुजवू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

तुमच्याही घरी लग्नकार्य असेल आणि रंगाचा डबा आणायची घाई चालली असेल, तर आधी भिंतीवर हात ठेवून पाहा. ओलसर लागली तर डबा दुकानातच राहू द्या. आधी पाणी कुठून येते ते शोधा, छप्पर आणि दरजा दुरुस्त करा. एकदा विटेवर चढलेला रंग पुन्हा नीट उतरवता येत नाही. थांबलेला रंग मात्र पुढच्या वर्षीही देता येतो.