टॅरिफचे पैसे परत, पण कोणाला?

बोटमालक आणि खलाशी बंधूंनो, 20 फेब्रुवारी 2026 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ट्रम्पनी आणीबाणीच्या कायद्याखाली लावलेले टॅरिफ बेकायदा ठरवले. आता भरलेली ड्यूटी परत कोणाला, यावरून तिकडे वाद लागलाय. कॉस्टकोसारखी बडी दुकानं निकालाआधीच कोर्टात गेली होती. गिऱ्हाईक म्हणतं, वाढीव भाव आम्ही मोजला. कायद्याने हक्क मात्र ज्याच्या नावावर आयात झाली त्याचा.

आमच्या मते, दुकानाने भाव वाढवून ड्यूटी वसूल केली असेल तर त्याला परत पैसे कशाला? एकाच पाटीचे दोनदा पैसे घेतल्यासारखं झालं ते. आपल्या 1962 च्या कस्टम्स कायद्यात कलम 27 आहे. बोजा पुढे ढकलला असेल तर परतावा आयातदाराला नाही, ग्राहक कल्याण निधीत जातो.

पण बोजा फक्त पुढेच जातो असं थोडंच आहे? तो मागेही येतो. अमेरिका आपल्या कोळंबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि तो माल मुख्यतः तळ्यातली व्हनामी. टॅरिफ लागताच आंध्रातल्या तळेवाल्यांचा भाव कापला गेला. म्हणजे ड्यूटीचा वाटा त्यांनीही भरला, फक्त पावती त्यांच्याकडे नाही. दुकान की गिऱ्हाईक या भांडणात त्यांचं नाव कोण घेतो?

आता आपल्या जेटीचं बघा. 1 ऑगस्ट 2025 ला बंदी उठली, 7 ला 25 टक्के लागले, 27 ला 50 झाले. एजंटला रेट विचारला की उत्तर ठरलेलं, "अमेरिकेत ड्यूटी वाढली." अहो, ट्रॉलरची समुद्रातली कोळंबी कासवांच्या कारणावरून अमेरिका कित्येक वर्षं घेतच नाही! व्हनामी दुसऱ्या बाजारात वळली म्हणून रेट पडला असेल, तेवढं आम्ही मानतो. डिझेल आणि बर्फ मात्र कोणी स्वस्त दिलं नाही.

काही निर्यातदार तिकडची ड्यूटी स्वतः भरून माल पोचवतात. त्यांचा परतावा इथेच येणार. टॅरिफचं नाव सांगून ज्यांनी रेट कापला आणि आता परतावा घेतला, त्यांनी फरक तळेवाल्याला आणि बोटीला द्यावा, खलाशांच्या वाट्यासकट. कारण खोटं होतं असं म्हणत असतील तर मग रेट कापलाच का, ते सांगावं.

कायदा आपल्या बाजूने नाही, म्हणून बोलणी सोसायटीनेच करायला हवीत. एकटा बोटमालक गेला तर चहा पाजून परत पाठवतील. ऑगस्ट 2025 पासूनच्या विक्रीच्या पावत्या शोधा. तारीख, वजन, रेट दिसला की पुरे, साधी चिठ्ठीही चालेल. झेरॉक्स ऑफिसात आणून द्या.