संकल्पाचा देश आणि काळ

आषाढी एकादशीस चातुर्मास लागला की घरोघर नेम धरले जातात. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करितो, कोणी रोज एक अध्याय वाचण्याचे ठरवितो. आश्चर्य असे की, चार महिन्यांचा नेम जो मनुष्य बिनबोभाट पार पाडतो, तोच मनुष्य ‘यंदा प्रकृती सुधारीन’, ‘यंदा अभ्यास वाढवीन’ असे वर्षारंभी ठरवून पंधरवड्यातच थकतो. मन तेच; मग फरक कशात?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते आपल्या देवघरातच आहे. पूजेच्या आरंभी यजमान संकल्प करितो, तेव्हा ‘मला भक्ती करावयाची आहे’ एवढे म्हणून थांबत नाही. तो संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी व वार यांचा उच्चार करितो. आपण कोठे बसलो आहो ते सांगतो. गोत्र व नाव सांगतो. आणि नेमके कोणते कर्म करणार ते बोलून मगच उदक सोडतो. देश, काळ, कर्ता आणि कर्म ही चारही जेथे आहेत तो संकल्प; यांतील एखादे जरी नसले, तरी उरतो तो नुसता मनोरथ. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनीही १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशाच आशयाचे प्रतिपादन केले आहे. नुसते ध्येय बाळगणाऱ्यापेक्षा, केव्हा, कोठे व कसे करावयाचे हे आधी ठरविणाऱ्याच्या हातून ते अधिक वेळा तडीस जाते.

महर्षी धोंडो केशव कर्वे १८७५ साली मुरुडहून कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास गेले, ते मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्याकरिता. वयाने लहान दिसतात या कारणावरून त्यांना बसू दिले नाही. जिद्दीची गोष्ट सांगणारे बहुधा घाटाच्या वर्णनातच रमतात. आम्हांस त्यापुढील भाग अधिक मोलाचा वाटतो. दैवास बोल लावीत न बसता त्यांनी पुढचे वर्ष आणि कोल्हापूर हे ठिकाण धरिले, व तेथे ते ती परीक्षा उतरले. संकल्प तोच राहिला. देश आणि काळ तेवढे बदलले.

हे सर्व आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. परंतु त्याचा खरा अर्थ आम्हांस घरातच कळला. विवाहामुळे अर्धवट राहिलेली पदवीची परीक्षा पुरी करण्याची इच्छा आमच्या धाकट्या सुनेने बोलून दाखविली. आम्ही मोठ्या उत्साहाने आशीर्वाद दिला. सहा महिन्यांनी पाहतो तो पुस्तके फडताळात जशीच्या तशी! आम्ही काहीसे कठोरपणेच म्हणालो, “सूनबाई, तुझा निग्रह कमी पडला.”

ती हळूच म्हणाली, “मामंजी, निग्रह आहे हो. पण बसू कोठे, आणि केव्हा?”

पहाटेपासून रात्रीपर्यंतचा तिचा दिवस आम्ही मनात मोजून पाहिला. त्यात कर्ता होता, कर्म होते. देश आणि काळ मात्र घरातील इतर अकरा माणसांनी वाटून घेतले होते. दुपारचा चहा अंमळ लवकर मागणारे आम्हीही त्यांतलेच! दुसऱ्या दिवसापासून माजघरालगतची खोली दुपारी दोन ते चार तिच्याकरिता राखिली, आणि त्या वेळचा चहा आम्ही स्वतः करू लागलो. चहा चांगला होतो असे अद्याप कोणी म्हणालेले नाही. परीक्षेचा निकाल काय लागेल तेही आम्ही सांगू शकत नाही. परंतु पुस्तकांवरील धूळ गेली आहे.

मनाला मात्र एक रुखरुख लागून राहिली आहे. ‘तुझ्यात जिद्दच नाही’ असे म्हणून आम्ही ज्या विद्यार्थ्यांस हिणविले, त्यांपैकी कितीजणांना घरी बसावयास एक कोपरा होता, हे आम्ही कधी विचारिलेच नाही. ते आता राहून गेले.

म्हणून घरोघरच्या वडील मंडळींस आमची एवढीच विनंती की, घरातील कोणी काही करावयाचे मनात आणिले, तर निग्रहाचा उपदेश करण्यापूर्वी ‘कोठे?’ आणि ‘केव्हा?’ हे दोन प्रश्न विचारावे. उत्तर त्याच्यापाशी नसेल, तर बहुधा ते आपल्यापाशी असते.