वाडीसाठी गाडी घेताना पिंजऱ्याची घ्या

सामरवरणीत आणि आसपास ज्यांची वाडी आहे, फार्महाऊस आहे किंवा कारखान्याचं मोठं आवार आहे, त्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती. खतं-औषधं न्यायला, पाहुण्यांना वाडी दाखवायला एटीव्ही घ्यायचं मनात असेल तर जरा थांबा. त्या गाडीवर एकापेक्षा जास्त माणसं बसणार असतील किंवा ओझं वाहायचं असेल, तर साइड-बाय-साइड घ्या. म्हणजे दोघांना शेजारी बसता येणारी, स्टिअरिंगची, डोक्यावर लोखंडी पिंजरा आणि मागे हौदा असलेली गाडी. ती महाग पडते. तरी तीच घ्या.

कारण साधं आहे. एटीव्हीवर मोटरसायकलसारखं टांग टाकून बसायचं असतं आणि उतारावर चालवणाऱ्यानेच अंग झुकवून तोल सांभाळायचा असतो. एकट्यासाठी बनवलेल्या एटीव्हीची सीट लांब दिसते, ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावं म्हणून. आपण तिथे पोराला नाहीतर पाहुण्याला बसवतो. मग सरकायला जागाच उरत नाही. गाडी उलटली की तिचं सगळं वजन छातीवर येतं, आणि वाडीच्या टोकाला हाक ऐकायला कोणी नसतं.

फवारणीचंच बघा. मागच्या कॅरियरवर शंभर लिटरची टाकी बांधली की शंभर किलो ओझं उंचावर चढलं. कॅरियर तेवढ्या वजनाचा आहे का, हे फार थोडे जण वाचतात. टाकी अर्धी झाली की हायसं वाटतं, पण खरी गडबड तिथून सुरू होते, कारण पाण्याला आत हिंदकळायला जागा मिळते. बांध चढताना ते मागे धावतं. आडव्या उतारावर ते खालच्या अंगाला जातं, म्हणजे गाडी ज्या अंगाला कलंडणार त्याच अंगाला. साइड-बाय-साइडची चाकं जास्त रुंदीवर असतात, ओझं हौद्यात राहतं आणि माणूस पट्टा लावून पिंजऱ्याच्या आत बसतो.

ऑस्ट्रेलियात शेतावर क्वाड बाइक, म्हणजे एटीव्हीच, सर्रास वापरतात. तिथल्या सरकारने 11 ऑक्टोबर 2021 पासून शेतीकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला, ती उलटली तरी माणूस चिरडू नये म्हणून संरक्षक कमान सक्तीची केली. हा नियम आल्यावर होंडा आणि यामाहाने तिथे त्या गाड्या विकणंच बंद केलं.

पण पिंजरा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. यामाहाच्या राइनो या साइड-बाय-साइड गाड्याही उलटत होत्या. 2009 साली अमेरिकेत त्यांच्या मोफत दुरुस्तीची मोहीम काढावी लागली. पट्टा न लावणारा माणूस पिंजऱ्याबाहेर फेकला जातो आणि त्याच पिंजऱ्याखाली सापडतो. म्हणून गाडी हलण्याआधी सगळ्यांचे पट्टे लागलेच पाहिजेत. पाठ सीटला टेकून ज्या मुलाचे पाय खाली टेकत नाहीत, त्याला बसवू नका. हौद्यात मजूर बसवायची आपली सवय इथे सोडा. उतार सरळ चढा, सरळ उतरा, आडवे जाऊ नका. पावसाळ्यात ओल्या बांधाच्या कडेला तर जाऊच नका. टायरमध्ये पुस्तिकेत लिहिली आहे तेवढीच हवा भरा. या टायरना हवा फार कमी लागते, आणि पंक्चरवाला सवयीने कारएवढी भरून देतो.

पैसे देण्याआधी फाटकाची आणि आतल्या वाटेची रुंदी मोजा. वाट अगदीच चिंचोळी असेल, जाणारा एकटाच असेल, शिकलेला असेल आणि ओझं नसेल, तर एटीव्ही चालेल. हेल्मेट मात्र हवंच. सुटे भाग सिल्व्हासा-वापीत मिळतात का, तेही आधी विचारून घ्या.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायची खास बनावटीची वाहनं वगळली आहेत. पण आवाराबाहेर नोंदणी नसलेली गाडी दोन वाड्यांमधल्या सार्वजनिक रस्त्यावरही काढता येत नाही. आंबे वापीला न्यायचे असतील तर पासिंग झालेला छोटा टेम्पोच लागेल.

आपल्या वाडीवर मजूर राबतात, घरची पोरं बागडतात. त्यांच्या जिवापुढे किमतीतला फरक मोठा मानू नका.