शॉवरची धार आणि टाकीची उंची

आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांचा एक पाय आता हैदराबादेत असतो. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला, कुणाची लेक चैतन्यपुरीच्या वसतिगृहात राहून क्लास करते, तर कुणी दिलसुखनगरला फ्लॅट घेऊन कायमचे स्थायिक झालेले. 2018 साली एल. बी. नगरपर्यंतची मेट्रो सुरू झाल्यापासून त्या बाजूला राहणे आणखी सोयीचे झाले. भाषेचीही फारशी अडचण होत नाही. आपल्याकडचा नळ कन्नडमध्ये नल्ली होतो आणि हैदराबादेत नल्ला. घरात 'नीरू' म्हणणाऱ्याला तेलुगूतले 'नीळ्ळु' कळायला वेळ लागत नाही.

पण सुट्टीत मुलांकडे राहून आलेल्या आई-वडिलांची एक तक्रार हमखास असते. फ्लॅट छान आहे, हवेशीर आहे, पण शॉवरला धारच नाही! विशेषतः सगळ्यात वरच्या मजल्यावर. गावाकडे हंडा नाही तर बंब, त्यातून बादली आणि तांब्या, असा आपला रिवाज. पण गुडघे धरलेल्या सासूबाईंना वाकून बादलीतून पाणी घेणे जड जाते. उभ्याने किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून शॉवरखाली आंघोळ होणे ही त्यांच्यासाठी चैन नसते, गरज असते. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर.

मुळात पाण्याचा दाब म्हणजे पाण्याची उंची. टाकीत पाणी किती आहे याने दाब ठरत नाही, ते तुमच्या डोक्यापेक्षा किती उंच आहे याने ठरतो. 10 मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो भरतो. आता हिशेब पाहा. गच्चीवर टाकी, तिच्याखाली हातभर उंचीचा ओटा आणि त्याच्या लगेच खाली शेवटच्या मजल्याचे न्हाणीघर. शॉवर आणि टाकीचा तळ यांत जेमतेम दीड-दोन मीटरचे अंतर राहते. म्हणजे दाब 0.2 किलोच्या आसपास. त्याच टाकीचे पाणी चार मजले खाली जाते तेव्हा तोच दाब 1 किलोच्या वर असतो. म्हणून खालचे म्हणतात, "आमच्याकडे तर छान येते," आणि वरच्यांना वाटते, प्लंबरनेच आपल्याला फसवले.

चाकांवरच्या घरात, म्हणजे प्रवासाच्या कॅरव्हॅनमध्ये, हीच अडचण आणखी टोकाला जाते. तिथे टाकी पायाखाली असते, उंची शून्य. त्यामुळे बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा छोटा पंप बसवल्याशिवाय शॉवर चालतच नाही. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट त्यापेक्षा थोडाच बरा म्हणायचा.

पण पंप आणण्याआधी दोष कुठे आहे ते शोधावे. त्याला दोनच वस्तू लागतात, बादली आणि घड्याळ. 10 लिटरची बादली न्हाणीघरातल्या खालच्या नळाखाली किती वेळात भरते ते पाहा. मग शॉवरखाली पाहा. मग शॉवरची चाळणी काढून पुन्हा पाहा. साधारण एका मिनिटात बादली भरत असेल तर शॉवरला तेवढे पुरते. चाळणी काढल्यावर धार सुधारली तर दोष चाळणीचा. बोअरच्या जड पाण्याने तिची भोके क्षारांनी बुजतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावी, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावी. निम्म्या घरांचे काम एवढ्यावरच भागावे.

गार पाणी जोरात आणि गरम मंद येत असेल तर गीझरकडे पाहावे. त्याच्या तोंडाशी असलेला झडपेचा तुकडा किंवा आतला क्षार वाट अडवतो. सगळेच नळ मंद असतील तर टाकीखालचा व्हॉल्व्ह तपासावा. जुन्या गेट व्हॉल्व्हचे चाक पूर्ण फिरते, पण आतली पट्टी अर्ध्यावरच अडकलेली असते. दुपारी धार चांगली आणि सकाळी सातला मंद, असे असेल तर एकाच पाइपवर सगळा जिना आंघोळ करतो आहे असे समजावे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना हा अनुभव रोजचा आहे. तिथे अर्धा तास आधी उठणे हाच उपाय!

पाइपच्या जाडीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. अर्ध्या इंची पाइपपेक्षा एक इंची पाइपचे तोंड चौपट मोठे असते, आणि घर्षण कमी झाल्याने पाणी त्याहूनही जास्त येते. म्हणून टाकीपासून न्हाणीघरापर्यंत जाड पाइप आणावा आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या हातभर अंतरात ठेवावा. जितकी वळणे कमी तितके बरे. टाकीतून निघणाऱ्या पाइपला टाकीपेक्षा उंच, वर उघडी नळी जोडलेली असावी, म्हणजे हवा अडकून धार तुटत नाही. वरच्या मजल्यासाठी टाकीतून स्वतंत्र पाइप काढणे हा तर सर्वांत शांततेचा मार्ग. खालच्यांनी नळ उघडला तरी वरच्यांची आंघोळ थांबत नाही.

टाकी उंच करता येईल का? येईल, पण 1000 लिटरच्या भरलेल्या टाकीत पाण्याचेच वजन एक टन असते. कुणा ओळखीच्या गवंड्याच्या शब्दावर गच्चीच्या मधोमध ओटा चढवू नये. खांब-तुळया कुठे आहेत ते इंजिनियरकडून पाहून घ्यावे. एवढे करून मीटरभर उंची वाढली तर दाब वाढतो तो फक्त 0.1 किलो.

हे सगळे करूनही भागले नाही, तर टाकी आणि घर यांच्यामध्ये लहान प्रेशर पंप बसवावा. नळ उघडला की आपोआप सुरू आणि बंद केला की बंद, असे पंप मिळतात. वीज गेली तरी साधी धार यावी म्हणून बाजूने एक वळणवाट ठेवायला प्लंबरला सांगावे. जुन्या लोखंडी पाइपचे सांधे वाढलेल्या दाबाने गळू शकतात. तुमचा गीझर किती दाब सोसतो हेही त्यावरच्या पट्टीवर वाचून घ्यावे.

दोन गोष्टी मात्र करूच नयेत. पहिली, सरकारी नळाच्या लाइनला थेट मोटार लावणे. त्याने शेजाऱ्याचे पाणी तर ओढले जातेच, शिवाय फुटक्या जागेतून गटाराचे पाणीही आत येऊ शकते. 2025 साली हैदराबादच्या पाणी मंडळाने अशा मोटारी जप्त करण्याची मोहीमच काढली होती. दुसरी, दाब कमी आहे म्हणून बंद न्हाणीघरात गॅस गीझर बसवणे. अनेक गॅस गीझर कमी दाबाला नीट पेटतच नाहीत, आणि पेटले तर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. आंघोळीला गेलेले माणूस आतच बेशुद्ध पडते. गॅस गीझर असेलच तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा.

आता त्या धारेच्या मुळाकडे वळू. 1908 साली मुसी नदीच्या महापुरात हैदराबाद वाहून गेले, तेव्हा निजामाने सल्ल्यासाठी बोलावले ते विश्वेश्वरय्यांना. जन्माने कर्नाटकातले, शिक्षणाने पुण्याचे इंजिनियर. खडकवासल्याला 1903 साली त्यांचेच स्वयंचलित दरवाजे बसले. आपल्यासारख्या दुभाषी घरांना ते दोन्हीकडून आपलेच. त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर 1920 साली आणि हिमायतसागर 1927 साली उभे राहिले. उस्मानसागरचे पाणी उताराने, आपल्या वजनावर शहरात यायचे.

दिलसुखनगरच्या बाजूला आज येणारे पाणी तसे नाही. ते कृष्णेचे आहे. महाबळेश्वरी उगम पावून सांगली, नरसोबाची वाडी, कुडची, आलमट्टी असे आपल्या अंगणातून गेलेले पाणी नागार्जुनसागरला पोहोचते. तिथून शंभरहून अधिक किलोमीटर पाइपांतून ते साहेबनगरला आणले जाते. नागार्जुनसागरची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून 590 फूट, म्हणजे सुमारे 180 मीटर. हैदराबाद 500 मीटरच्या वर. म्हणजे हे पाणी तीनशेहून अधिक मीटर वर चढवावे लागते. तुमच्या गच्चीवरची टाकी त्या चढणीची शेवटची पायरी.

2021 पासून तिथे घरटी महिना 20,000 लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना सुरू झाली. मोफत म्हटले की हिशेब सुटतो. मिनिटाला 10 लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले की 100 लिटर जातात. आपली बादली-तांब्याची आंघोळ वीस लिटरमध्ये होते. म्हणून धार सुधारून घ्यावी ती आजी-अण्णांच्या गुडघ्यांसाठी, आणि साबण लावताना नळ बंद करावा तो या नदीसाठी. ज्या कृष्णेच्या काठी आपण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो, तिचेच पाणी तिकडे मुलांच्या डोक्यावर पडते आहे, एवढे त्यांना एकदा सांगून ठेवले तरी पुरे.