थोडी माया ठेवा!

"ई, सेकंड हॅण्ड?" माझा उन्हाळ्यातला फेवरिट ड्रेस मावसबहिणीचा आहे म्हटलं की हॉस्टेलमध्ये हाच डायलॉग! अहो, पण यात 'ई' करण्यासारखं आहे काय? तान्ह्या बाळाला गुंडाळायला घराघरांत आजीचं जुनं, मऊ लुगडंच शोधतात. त्याचीच पुढे गोधडी होते. तेव्हा कुणी नाक मुरडत नाही. मग धुऊन धुऊन मऊ झालेला कॉटनचा ड्रेस मी का घालू नये?

मैत्रिणींनो, जरा इंजिनिअरिंग लावा. सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ७-८ टक्के ओलावा हवेतून धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणूनच मे महिन्यात व्हायव्हाच्या रांगेत नवाकोरा पॉलिएस्टरचा ड्रेस अंगाला चिकटतो.

दुसरा मुद्दा शिवणीचा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला 'माया' म्हणतात. किती गोड शब्द! मला तो ड्रेस घट्ट होत होता. टेलरकाकांनी दोन्ही बाजूंची टीप उसवली, मायेतून अर्धा-अर्धा इंच सैल केला, बाह्या कापल्या. झाला माझा! स्वस्तातल्या रेडीमेडला बऱ्याचदा मायाच नसते, कडेला ओव्हरलॉक मारून मोकळे. जरा जाड झालात की फेका! एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. ते असं फेकून द्यायचं?

नवा ड्रेस जरूर घ्या, पण घेताना उलटा करून माया बघा. आणि जुना बोहारणीला देण्याआधी एकदा टेलरला दाखवा. 'ई' म्हणणाऱ्यांना खुशाल म्हणू द्या, उकडणार त्यांनाच आहे!