मॅडम मोबाईलमध्ये काय बघतात?

“डॉक्टर, उपकेंद्रातल्या मॅडमनी मला तपासलं का मोबाईलला, तेच कळंना. सारखं आपलं बोटानं वर-खाली, वर-खाली.”

दिघंचीकडच्या एका आजींची ही तक्रार. अशीच तक्रार खरसुंडी, करगणी, झरे या भागातून येणाऱ्या आणखीही पेशंटकडून ऐकली आहे. गावात आता आयुष्मान आरोग्य मंदिर आहे, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, पण त्या आपल्याकडे बघण्याऐवजी मोबाईलकडे किंवा टॅबकडे बघतात, असं लोकांना वाटतं. “मोबाईल बघूनच गोळ्या द्यायच्या तर आमचा नातूबी देईल की,” असंही एकाने ऐकवलं.

मॅडम तिथे टाइमपास करत नसतात. आपल्या देशात ‘ई-संजीवनी’ नावाची सरकारी सेवा २०१९ पासून उपकेंद्रांत सुरू झाली. उपकेंद्रातून व्हिडिओवर मोठ्या ठिकाणच्या डॉक्टरांशी बोलता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. त्यात पुढे अजून एक भाग जोडला गेला. पेशंटने ‘पोटात दुखतंय’ म्हटलं की स्क्रीनवर त्याला धरून पुढचे प्रश्न येतात. कधीपासून, कुठे, उलटी आहे का, ताप आहे का. मॅडम विचारतात, टिक करतात, आणि त्या उत्तरांवरून कोणकोणते आजार असू शकतात याची यादी पलीकडच्या डॉक्टरांसमोर येते. इंग्रजीत याला क्लिनिकल डिसिजन सपोर्ट म्हणतात. आपण सरळ ‘सल्लागार ॲप’ म्हणू.

मी या ॲपच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरांना असल्या गोष्टींचा राग येतो असा समज आहे. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो, तो पुढे सांगतो.

बाजूचा का, तर माणूस विसरतो. मी विसरतो. दुपारी दीड वाजता साठावा पेशंट समोर असतो तेव्हा सकाळी दहाला विचारलेले सगळे प्रश्न विचारले जात नाहीत. समोरची बाई गरोदर आहे का, आधीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे सुटतं. यंत्र थकत नाही आणि त्याला जेवायची घाई नसते. शिवाय उपकेंद्रातल्या मॅडम एकट्या असतात. शेजारच्या खोलीत विचारायला सिनियर नाही. तिथे एक आठवण करून देणारा सोबती असेल तर पेशंटचं भलंच आहे.

आता दुसरी बाजू. ही माझ्या स्वतःच्या दवाखान्यातली गोष्ट आहे, चूक माझी आहे.

माझ्याकडे औषधं लिहायला एक सॉफ्टवेअर आहे. दोन औषधं एकमेकांशी भांडणारी लिहिली की लाल चौकट येते. सुरुवातीला मी प्रत्येक चौकट वाचायचो. पण ती चौकट कशालाही यायची. बीपीची गोळी आणि कॅल्शियम, साधी ॲसिडिटीची गोळी आणि लोह, कशालाही. दिवसाला पन्नास वेळा लाल चौकट बघितल्यावर बोट आपोआप ‘ठीक आहे’ वर जायला लागलं. हृदयाची झडप बदललेला, रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिनची गोळी घेणारा एक शेतकरी आव पडते म्हणून आला. मी मेट्रोनिडॅझॉल लिहिलं. या औषधाने वॉरफेरिनचा जोर वाढतो, रक्त नको इतकं पातळ होतं. हे मला विद्यार्थी असल्यापासून पाठ आहे. लाल चौकट आलीही होती. मी ती न वाचता घालवली. पाचव्या दिवशी तो हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून परत आला. तपासणीत रक्त फारच पातळ झालेलं निघालं, त्याला सांगलीला पाठवावं लागलं. तो बरा झाला, अजून माझ्याकडेच येतो. मी मात्र त्या रविवारी कंपाउंडरला घेऊन बसलो आणि त्या सॉफ्टवेअरमधल्या क्षुल्लक सूचना एकेक करून बंद केल्या. आता दिवसात दोन-तीनदा लाल चौकट येते आणि आली की हात थांबतो.

यंत्राने मला बरोबर सांगितलं होतं. पण ते इतकं बोलत होतं की मी ऐकणं सोडून दिलं होतं. परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांतही हेच घडतं. डॉक्टरांनी औषधांच्या अशा सूचना किती वेळा बाजूला सारल्या याचे अभ्यास झाले आहेत, आणि बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त सूचना बाजूला सारलेल्या आढळल्या.

उलटा प्रकारही होतो, म्हणजे यंत्र बोलायला हवं तिथेच गप्प बसतं. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत एक प्रोग्राम बसवलेला होता. भरती पेशंटच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरतोय का, म्हणजे सेप्सिस होतोय का, हे आधी ओळखण्यासाठी. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तो आपल्या पेशंटवर तपासून २०२१ मध्ये निकाल छापला. सेप्सिस झालेल्या दर ३ पेशंटमधले २ त्याला ओळखताच आले नव्हते. आणि एकूण भरती पेशंटपैकी १८ टक्के लोकांच्या बाबतीत त्याने धोक्याची घंटा वाजवली होती. कंपनीने दिलेल्या आकड्यांवर विसंबून न राहता कुणीतरी आपल्या वॉर्डात मोजून बघितलं म्हणून हे उघडकीला आलं.

मग आपल्या वाडीवर कोण मोजतं?

पोटदुखीचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात पहाटे चार वाजता एखादा तरुण पोटात दुखतंय, मळमळतंय म्हणून उठतो. ताप नाही, जुलाब नाहीत. कुठलंही ॲप म्हणेल पित्त, नाहीतर बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. आपल्या भागात मात्र पहिला प्रश्न असायला हवा: रात्री झोपला कुठे होतास? जमिनीवर अंथरूण टाकून झोपला असेल तर मण्यार चावली असण्याची शक्यता धरावी लागते. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, खूण सापडत नाही. पोटात दुखतं, घसा धरतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. पापण्या पडायला लागण्याआधी ज्याला शंका येते तो जीव वाचवतो. (असं काही घरात घडलं तर मांत्रिक नको, ॲपही नको. सर्पदंशाची लस आणि श्वासाचं मशीन असलेल्या दवाखान्यात थेट न्या.)

दुसरं उदाहरण आपल्या घराघरातलं. आटपाडी, विटा, खानापूर भागातली किती माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. सोनं-चांदी गाळण्याच्या कामात आम्लाचा धूर असतो आणि शिशाचा वापर होतो. दिवाळीला नाहीतर जत्रेला गावी आलेला असा माणूस पोट दुखतं, परसाकडला साफ होत नाही, दम लागतो म्हणून येतो. रक्त कमी निघतं. सगळे लोहाच्या गोळ्या देतात. रक्तातलं शिसं तपासायला हवं हे सुचायचं असेल तर आधी ‘काम काय करता?’ असं विचारायला हवं. ‘व्यवसाय’ या रकान्यात शेती, मजुरी, नोकरी आणि इतर एवढंच असेल, तर गलाईवाला ‘इतर’ मध्ये गेला आणि त्याचं निदानही त्याच्याबरोबर गेलं.

मला राग येतो तो इथे. दूरच्या शहरात बसून प्रश्न तयार करणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना आटपाडी माहीत असण्याचं कारण नाही. पण उपकेंद्रातल्या ज्या मॅडमना हे माहीत आहे, त्यांनी ते कुणाला सांगायचं? मी काही जणींना विचारलं. ॲपचा प्रश्न चुकीचा वाटला तर काय करता? उत्तर एकच. “काहीतरी टिक करून पुढे जातो सर, नाहीतर पुढचं पान उघडत नाही.” म्हणजे वरच्या आकडेवारीत सगळं व्यवस्थित भरलेलं दिसतं. ज्याला चूक कळली त्यानेच ती झाकून टाकायची, अशी सोय आपण करून ठेवली आहे.

त्यात आशाताई आणि सिस्टर यांच्या मागे एकच ॲप नसतं. गरोदर मातांचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, क्षयरोगाचं वेगळं, शुगर-बीपीचं वेगळं, आणि वर तीच माहिती रजिस्टरात हाताने. अशा माणसाकडून नवीन ॲपचं स्वागत होईल ही अपेक्षाच चुकीची.

हे जमू शकतं याचं उदाहरण मात्र लांब नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. देशात उच्चरक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. महाराष्ट्रातले सुरुवातीचे जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्यात औषधांचा क्रम ठरवून दिला. आधी ॲम्लोडिपिन, बीपी उतरलं नाही तर टेल्मिसार्टन, तरी नाही तर लघवी वाढवणारी गोळी. पंजाब आणि महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत यासाठी ‘सिंपल’ नावाचं ॲप वापरलं गेलं. त्यात सिस्टरने भरायचं फारच थोडं: बीपी किती, गोळ्या कोणत्या, परत कधी. फेरतपासणीची नोंद काही सेकंदांत होते, आणि रेंज गेली तरी ॲप चालतं. आपल्याकडे ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची.

त्याच्याकडून मिळतं काय? तारीख उलटूनही न आलेल्या पेशंटची यादी. सिस्टर त्या यादीतून फोन करते, “काका, गोळ्या संपल्या असतील, या की.” आणि दर महिन्याला कळतं की आपल्या केंद्रात नोंदवलेल्यांपैकी किती जणांचं बीपी खरोखर आटोक्यात आहे. बीपीत कुणी दुखतंय म्हणून येत नाही. गोळी सोडलेला माणूस एकदम अर्धांगवायू झाल्यावर येतो. न आलेल्या माणसाची आठवण ठेवणं हे माझ्या डोक्याला जमत नाही, यादीला जमतं. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडून पुरस्कारही मिळाला, पण मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्या लोकांनी किती प्रश्न *विचारले नाहीत* ही.

दुसरी काळजी जुनेपणाची. औषधोपचार बदलतात. क्षयरोगाच्या गोळ्या आपल्या सरकारी कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीनदा असायच्या, २०१७ पासून त्या रोज द्यायचं ठरलं. असा बदल ज्या दिवशी होतो त्या दिवशी ॲपमध्ये कोण करतो? ज्या कंपनीने ते बनवलं तिचा करार संपला असेल तर? उद्घाटनाला फीत कापायला गर्दी असते, तिसऱ्या वर्षी ते अद्ययावत आहे का बघायला कुणी नसतं. जुन्या पुस्तकावर निदान छापल्याचं साल असतं. स्क्रीनवरचा सल्ला कायम ताजाच दिसतो.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक तालुक्यात एका डॉक्टरला आठवड्यातला ठरावीक वेळ या कामासाठी द्या, पगारी कामाचा भाग म्हणून, फावल्या वेळात नव्हे. प्रत्येक पानावर ‘हे इथे बरोबर नाही’ असं बटण असावं, आणि ते दाबून पुढे जाता यावं. कोणता सल्ला किती वेळा बाजूला सारला गेला याची यादी त्या डॉक्टरने महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचावी. काही वेळा मॅडम चुकलेल्या निघतील, काही वेळा यंत्र. मॅडमना उत्तर मात्र मिळालं पाहिजे. दोन वेळा तक्रार करून कुणी उत्तर दिलं नाही की तिसऱ्यांदा कोणी तक्रार करत नाही, हे आपण नळाच्या पाण्यापासून शिकलो आहोत.

आणि जबाबदारीचं काय? २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांत हे स्पष्ट आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने पेशंटला परस्पर सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही. ते डॉक्टरला मदत करू शकतं, इतकंच. औषधाच्या चिठ्ठीवर नाव डॉक्टरचं, म्हणून दोषही डॉक्टरचा. वरच्या वॉरफेरिनच्या गोष्टीत मी सॉफ्टवेअरकडे बोट दाखवू शकत नाही ते म्हणूनच.

त्या दिघंचीच्या आजींना मी हे एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, आजी, मॅडम मोबाईलमध्ये तुमचेच प्रश्न वाचत असतात. पुढच्या वेळी जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी, कुणी दिलेला झाडपाला, तेही सांगा. मोबाईलने विचारलं नाही तरी सांगा. आणि मोबाईल काय म्हणतोय ते मॅडमना मोठ्यांदा वाचायला लावा, तुम्हाला पटतंय का बघा.

“आणि न्हाई पटलं तर?”

तर तसं मॅडमना सांगा, म्हटलं. त्यांनी हात लावून तपासायचं राहिलं असेल तर तेही हक्काने मागा.